अरे, आवाज कुणाचा? टर्मिनलचा!

पडद्याच्या कोपऱ्यातल्या कर्ण्यावर टिचकी मारून आवाज वाढवायची सवय आपल्याला विंडोजने लावली. त्याआधी डॉसवर गेम खेळणारी मंडळी आवाज चक्क टाइप करत असत. १९९१मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर प्रो या कार्डाबरोबर ‘एसबीपी-सेट’ नावाची आज्ञा मिळायची, पुढच्या वर्षीच्या साउंड ब्लास्टर १६बरोबर ‘एसबी१६सेट’. मशीन चालू होताना आपोआप वाचली जाणारी ऑटोएक्झेक नावाची फाइल असे. तिच्यात ‘एसबी१६सेट /एम:२२०’ अशी ओळ घातली की मुख्य आवाज २२०वर जाऊन बसे. कमाल २५५. हीच ओळ प्रोसाठी लिहायची तर आकडे पंधरावरच संपत. ज्यांना आज्ञा पाठ नसत त्यांच्यासाठी काही कार्डांच्या पाठीवर बोटाने फिरवायचं चाकही होतं. आता कॅबिनेट भिंतीला टेकवलेलं असेल तर मागे हात घालून चाचपडत बसा! त्यापेक्षा टाइप करणं परवडलं.

आज माउस आहे, टचस्क्रीन आहे, कीबोर्डवर आवाजाची वेगळी बटणं आहेत. तरीही आवाजाच्या आज्ञा मेल्या नाहीत, उलट वाढल्या. त्यांच्या नादी लागलं की एक गंमत लक्षात येते. ‘आवाज अर्धा कर’ असं सांगितल्यावर प्रत्येक मशीन आपापला अर्धा काढतं, आणि एकाचा अर्धा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

(खालच्या आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीला, अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच कळतात.)

सातव्या क्रमांकाची घंटा

आवाजाची सगळ्यात जुनी आज्ञा एका अक्षराची आहे. संगणकाच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात ७ हा क्रमांक ‘बेल’चा. टेलिप्रिंटरच्या जमान्यात तारेवरून हा संकेत आला की यंत्रातली खरीखुरी घंटा वाजायची आणि ऑपरेटर चहाचा कप ठेवून धावायचा. टेलिप्रिंटर गेले, घंटा राहिली. आजही ‘प्रिंटएफ’ या आज्ञेला उलटी तिरकी रेघ आणि ‘ए’ छापायला सांगा. टर्मिनल टणकन वाजेल, किंवा जरा शहाणं असेल तर नुसते डोळे मिचकावेल.

ही घंटा पीसीवर ज्यातून वाजायची तो स्पीकर मात्र मोठा हट्टी होता. १२ ऑगस्ट १९८१ला आयबीएम पीसी आला, त्यातल्या स्पीकरला आवाजाची पातळी असा प्रकारच नव्हता. चालू किंवा बंद, मधलं काही नाही. सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके मोजणाऱ्या टायमर चिपकडून सूर बदलून घेता येई, जोर बदलता येत नसे. आवाज कमी करण्याचा हमखास उपाय एकच होता, कॅबिनेट उघडून स्पीकरची वायर उपटायची. लिनक्सवाल्यांना त्यातल्या त्यात सभ्य मार्ग मिळाला: ‘एक्ससेट बी ऑफ’. तेवढ्याने भागलं नाही तर स्पीकरचा ड्रायव्हरच कर्नेलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, काढून टाकायचा.

लिनक्स: जन्मतः मौनव्रत

१९९२मध्ये फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेनने लिनक्ससाठी साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर लिहिला. त्यातूनच पुढे ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस उभी राहिली. ओएसएसमध्ये साउंड कार्ड म्हणजे एक फाइल. वाजवायचं ते त्या फाइलीत ओता, बस. लोकांनी काय काय ओतलं नाही! स्वतः कर्नेलची फाइल ओतून ‘लिनक्स कसं वाजतं’ तेही ऐकलं. खरखर ऐकू येते, बाकी काही नाही. आपण ‘लिनक्स’ हे नाव कसं उच्चारतो हे लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने इंग्रजीत आणि स्वीडिशमध्ये रेकॉर्ड करून ठेवलं होतं. साउंड कार्ड चालतंय का हे बघायला अनेकांनी ती फाइल वाजवली.

मग १९९८मध्ये चेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेलाने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डाच्या ड्रायव्हरपासून सुरुवात करून अल्सा ही नवी ध्वनियंत्रणा उभी केली. डिसेंबर २००३च्या २.६ कर्नेलमध्ये अल्सा घरची झाली आणि ओएसएस माहेरी गेली. अल्साची एक खोड मात्र नवशिक्यांच्या कायमची लक्षात राहिली. ती नव्याने बसवली की सगळ्या वाहिन्या मुक्या असत. कार्ड ओळखलंय, ड्रायव्हर चढलाय, गाणं चाललंय, सेकंद पुढे सरकतायत आणि स्पीकरमधून अक्षर नाही. अचानक पूर्ण आवाज फुटून कान आणि स्पीकर बसण्यापेक्षा हे बरं, असा त्यामागचा हिशोब. हिशोब बरोबरच आहे, पण तो कळेपर्यंत कित्येकांनी लिनक्स दोनदोनदा नव्याने बसवलं असेल.

यावरचा उतारा म्हणजे ‘अल्सामिक्सर’. टाइप करून एंटर मारा. काळ्या पडद्यावर उभे खांब उगवतात: तळाला हिरवे, मध्ये पांढरे, टोकाला लाल. प्रत्येक खांबाखाली एक चौकट. तिच्यात दोन एम दिसले तर वाहिनी मुकी, शून्यासारखे दोन ओ दिसले तर वाचा फुटलेली. कीबोर्डवरचं एम दाबलं की एमचे ओ होतात. आणि हे ओ म्हणजे ‘आवाज शून्य’ नव्हे, उलट ‘अडथळा नाही’. हे ज्याने ठरवलं त्याला नमस्कार.

अल्सामिक्सरच्या कळांची मांडणी मात्र झकास आहे. क्यू, डब्ल्यू, ई या तीन शेजारणी अनुक्रमे डावा, दोन्ही आणि उजवा आवाज चढवतात. त्यांच्या बरोबर दोन ओळी खाली झेड, एक्स, सी तेच उतरवतात. बी दाबलं की डावं-उजवं समान. आकड्यांच्या ओळीतलं ३ दाबलं की थेट ३० टक्के, ७ दाबलं की ७०. माउसला हात लावायची गरज नाही, आणि मला विचाराल तर कुठल्याही रंगीत खिडकीपेक्षा हे जलद आहे. उजवीकडे सरकत गेलात तर ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाचा खांबच नसलेला एक रकाना बऱ्याच लॅपटॉपवर सापडेल. हेडफोन खोचल्यावर स्पीकर गप्प होतात ते याच्या हुकमावरून. हेडफोन काढूनही स्पीकर रुसलेले राहिले तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

एकाच घरात दोन पन्नास

आता खरी मजा. अल्साबरोबर दोन भावंडं येतात. खांबवालं ‘अल्सामिक्सर’ आणि एका ओळीत काम करणारं ‘एमिक्सर’. ‘एमिक्सर सेट मास्टर ५०%’ असं टाइप करा आणि मग अल्सामिक्सर उघडून बघा. तिथे ५० दिसणार नाही.

कारण ऐका. अनेक लॅपटॉपमधल्या ध्वनिचिपवर मास्टरला शून्य ते ८७ अशा पायऱ्या असतात, प्रत्येक पायरी पाऊण डेसिबलची. एमिक्सर साधा कारकून आहे. ८७चे निम्मे ४४ धरतो आणि मोकळा होतो, शेजारी कंसात ५१ टक्के आणि उणे ३२.२५ डेसिबल असंही छापतो. अल्सामिक्सर मात्र माणसाच्या कानाला काय वाटेल याचा विचार करून टक्के काढतो. त्याच्या लेखी उणे ३२ डेसिबल म्हणजे जेमतेम २३ टक्के. चिप एक, पायरी एक, आवाज एक, आणि घरातले दोघे भाऊ वेगवेगळा आकडा सांगतायत. भांडण मिटवायचं तर एमिक्सरला कॅपिटल एमचा पर्याय जोडायचा, की तोही कानाच्या हिशोबाने बोलू लागतो. हा पर्याय मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेला आहे आणि वाचलेला फार थोड्यांनी आहे.

पण कान असा वेगळा हिशोब ठेवतो तरी का? डेसिबल हे गुणोत्तराचं माप. लहरीची उंची निम्मी केली की पातळी ६ डेसिबलने उतरते, पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावं लागतं. म्हणजे लहरीच्या उंचीशी सरळ बांधलेली पट्टी १०० वरून ५० वर आणली तर ‘जरासा कमी झाला’ एवढंच वाटेल, आणि तळाच्या दहा टक्क्यांत अचानक सगळं गायब होईल. स्वस्तातल्या खेळण्यांच्या रेडिओत हा अनुभव कुणी घेतला नाही?

म्हणून लिनक्सवरच्या पल्सऑडिओ या ध्वनियंत्रणेने घनाचा मार्ग काढला. लेनार्ट पोटरिंगने २००४मध्ये ‘पॉलिपऑडिओ’ नावाने हा प्रकल्प सुरू केला, २००६मध्ये त्याचं नाव बदललं, आणि २००७च्या फेडोरा ८ या लिनक्सच्या अवतारात तो मुक्कामाला आला. त्यात तुम्ही दिलेल्या टक्क्यांचा घन करून लहरीला गुणलं जातं. ५० टक्के म्हणजे अर्ध्याचा घन, एकअष्टमांश. ‘पीए-सीटीएल’ ही त्याची आज्ञा आवाज विचारल्यावर तीन आकडे शेजारी शेजारी देते: ३२७६८, ५० टक्के, उणे १८.०६ डेसिबल. पहिला आकडा मशीनसाठी, दुसरा माणसासाठी, तिसरा खरं काय ते जाणून घ्यायचं असणाऱ्यासाठी. शंभर टक्क्यांचा मशीनचा आकडा ६५५३६. आणि १० टक्के मागितले तर मिळतात बरोबर उणे ६० डेसिबल. म्हणजे रात्री शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय अशा वेळी उपयोगी.

शंभराच्या वर

१९८४च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या विनोदी चित्रपटात एका गिटारवादकाच्या अँप्लिफायरची बटणं दहाऐवजी अकरापर्यंत जातात आणि त्याचा त्याला कोण अभिमान! तेव्हापासून अकरा हा आवाजवाल्यांचा लाडका आकडा. बीबीसीच्या आयप्लेयरची आवाजपट्टी अकरापर्यंत नेऊन ठेवली ती याच विनोदाखातर. पल्सऑडिओही मागे नाही. पडद्यावरच्या पट्ट्यांनी जास्तीत जास्त अधिक ११ डेसिबलपर्यंत जावं अशी त्याची शिफारस आहे. टक्क्यांत मांडलं तर ते होतात १५३. लिनक्सच्या आवाजाच्या खिडकीत हा विचित्र आकडा बघून ‘हे कुठून आलं?’ असं वाटलं असेल तर उत्तर हे.

आज्ञेला तेवढीही मर्यादा नाही. ‘२००%’ म्हटलं तर ती २०० करते. व्हिडिओत कुजबुजणाऱ्या व्याख्यात्याला ऐकायला हे वरदान, पण शंभराच्या वरचा प्रत्येक टक्का सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. लहरीची टोकं छताला आपटून चपटी होतात आणि आवाज फाटतो. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेयरने म्हणून आपली कमाल १३०वर बांधून ठेवली आहे. हवी तर तीही आज्ञेने वाढवता येते.

टक्क्याचं चिन्ह विसरलात तर

लिनक्सच्या ध्वनीचा सध्याचा राजा पाइपवायर. बेल्जियमच्या विम टायमन्सची निर्मिती. सुरुवातीला नाव होतं ‘पिनोस’, तो स्पेनमध्ये जिथे राहत होता त्या गावावरून. एप्रिल २०२१च्या फेडोरा ३४ने ध्वनीचा कारभार त्याच्याकडे सोपवला, नोव्हेंबर २०२३मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आवाज बदलायची आज्ञा आहे ‘डब्ल्यूपी-सीटीएल सेट-व्हॉल्यूम’, आणि ती दोन भाषा बोलते. ‘५०%’ म्हणालात तर पन्नास टक्के. चिन्ह गाळून नुसता आकडा दिलात तर मात्र १ म्हणजे पूर्ण आवाज, ०.५ म्हणजे पन्नास टक्के. आता घाईघाईत नुसतं ५० टाइप केलं तर आपण काय मागितलं ते सांगायला नको. पूर्ण आवाजाच्या पन्नास पट! आज्ञेत ‘-एल १’ हा मर्यादेचा पर्याय दिलेला आहे तो यासाठीच. ही सोय मर्यादेशिवायच का ठेवली, हे मला कधीच पटलेलं नाही.

पाइपवायर आलं म्हणून जुन्या आज्ञा मोडीत निघाल्या नाहीत. पीए-सीटीएलही चालते, एमिक्सरही चालते. पाइपवायर त्यांच्यासमोर जुन्या मालकाचा मुखवटा घालून बसतो आणि त्यांना पत्ता लागू देत नाही. त्यामुळे इंटरनेटवर पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला सल्ला आजही कित्येकदा लागू पडतो. संगणकाच्या जगात असं क्वचितच घडतं.

आणि विंडोज?

जगभरच्या टेबलांवर बसलेल्या विंडोजकडे मुख्य आवाज बदलायची स्वतःची आज्ञाच नाही. ‘एसएनडी-व्हॉल’ टाइप केलं तर मिक्सरची खिडकी उघडते, पण पुढचं काम माउसचंच. विस्टाने २००७मध्ये प्रत्येक प्रोग्रामला वेगळी पट्टी दिली, ती सुरेख कल्पना होती. आज्ञा मात्र दिली नाही.

म्हणून लोकांनी आडवाटा काढल्या. पॉवरशेल या विंडोजच्या टर्मिनलमधून कीबोर्डची बटणं दाबल्याचं सोंग आणता येतं. १७३ क्रमांकाचं बटण म्यूट, १७४ कमी, १७५ जास्त. एका दाबाला आवाज दोन टक्क्यांनी हलतो. मग पन्नास टक्के आवाज हवा असेल तर? आधी १७४ पन्नास वेळा दाबून तळ गाठायचा, मग १७५ पंचवीस वेळा. हसू नका, अशा स्क्रिप्टा खरोखर वापरात आहेत. ज्यांना हे मर्कटचेष्टेसारखं वाटतं ते नीर सोफर यांचं ‘निरसीएमडी’ हे फुकट मिळणारं चिमुकलं साधन उतरवून घेतात. त्याचा कमाल आवाज ६५५३५. पल्सऑडिओच्या शंभर टक्क्यांपेक्षा बरोबर एकने कमी.

मॅकचे सात स्वर

मॅकच्या ‘ओएसए-स्क्रिप्ट’ आज्ञेला ‘सेट व्हॉल्यूम आउटपुट व्हॉल्यूम ५०’ असं जवळजवळ बोलीभाषेत सांगता येतं. तिच्या जुन्या रूपात मोजपट्टी शून्य ते सात अशी होती. अर्धा आवाज म्हणजे साडेतीन! कीबोर्डवरून चढवलात तर पडद्यावर सोळा घरं दिसतात, आणि शिफ्ट-ऑप्शन धरून तेच बटण दाबलं तर प्रत्येक घराचे चार तुकडे होतात. एकच मशीन, आणि शंभर, सात, सोळा, चौसष्ट अशी चार मापं. आपल्याकडच्या शेर-पायलीच्या जमान्याला नावं ठेवायची सोय उरली नाही.

मॅक चालू होताना जो भरदार सूर लागतो तोही आज्ञेच्या ताब्यात आहे. २०१६च्या मॅकबुक प्रोपासून ॲपलने तो बंद केला होता. चाहते हळहळले, मग ‘एनव्हीरॅम’ या आज्ञेने तो परत कसा मिळवायचा याच्या क्लृप्त्या फिरू लागल्या. २०२०च्या बिग सर आवृत्तीत ॲपलने त्यासाठी सेटिंग्जमध्ये सरळ एक खूणचौकटच दिली.

खिशातलं टर्मिनल

ॲन्ड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडून, डेव्हलपर पर्यायांतलं डीबगिंग चालू केलं की ‘एडीबी’ नावाच्या आज्ञेतून फोनचा आवाज बदलता येतो. ‘इनपुट कीइव्हेंट २४’ म्हणजे आवाज वाढवा, २५ कमी करा, १६४ म्यूट. फोनच्या कडेचं बटण तुटलं असेल तर दुकानात जाईपर्यंत ही सोय वापरता येते. फोनमध्ये आवाज एक नसतोच. बोलणं ० क्रमांक, यंत्रणेचे आवाज १, रिंग २, गाणी ३, गजर ४, सूचना ५. ‘मी तर आवाज बंद केला होता, तरी गजर वाजला’ या सकाळच्या तक्रारीचं उत्तर या यादीत आहे. तुम्ही ३ बंद केलात, गजर ४ नंबरच्या खोलीत राहतो.

ब्लूटूथ हेडफोनचा आणखी वेगळा सवतासुभा. फोन आणि हेडफोन आवाजाची पातळी एकमेकांना कळवतात ती ० ते १२७ या मापात.

फुटकळ, पण सोडवत नाही

बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या प्रणालीत आवाज म्हणजे ‘व्हॉल्यूम’ नावाची एक फाइल. वाचली तर सध्याची पातळी दिसते, नवा आकडा लिहिला तर आवाज बदलतो. इतका सरळ विचार नंतर कुणी केला नाही.

ओपनबीएसडीत बोलण्यापेक्षा ऐकण्यावर पहारा कडक आहे. मायक्रोफोनमधून रेकॉर्डिंगची परवानगी मुळात बंद असते, प्रशासकाने आज्ञा देऊन ती उघडेपर्यंत रेकॉर्डिंगमध्ये निव्वळ शांतता भरली जाते.

लिनक्सवर टीव्ही एचडीएमआयने जोडलात तर अल्सामिक्सरमध्ये अनेकदा चढवायला-उतरवायला काही सापडतच नाही, फक्त चालू-बंद. अंकांचा प्रवाह तसाच पुढे जातो, जोर ठरवायचं काम टीव्हीचं.

आयथ्री नावाचा विंडो मॅनेजर वापरणारे कीबोर्डवरचं आवाजाचं बटण दाबतात तेव्हा पडद्यामागे पीए-सीटीएलचीच आज्ञा चालते. त्याच्या मूळ सेटिंग्जच्या फाइलीत ती ओळ छापील मिळते. म्हणजे बटण ही नुसती शोभा, काम टर्मिनलचंच!

‘एमपीथ्री-गेन’ ही आज्ञा फाइल पुन्हा न दाबता, दर्जाला धक्का न लावता गाण्याचाच आवाज बदलते. प्रत्येक तुकड्यात जोराचा जो आकडा आधीच लिहिलेला असतो तेवढाच ती खोडून दुसरा लिहिते. अट एकच, बदल दीड-दीड डेसिबलच्याच पायऱ्यांनी होतो. जुन्या सीडींवरून उतरवलेल्या एका गाण्याला ओरडायची आणि दुसऱ्याला पुटपुटायची सवय असेल तर दिवाळीच्या साफसफाईत हेही उरकून घ्या.

रात्री दहानंतर

आज्ञेचा पट्टीवरचा खरा विजय इथे आहे. पट्टी हलवायला माणूस लागतो. आज्ञेला वेळ नेमून देता येते. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या क्रॉनला ‘० २२’ आणि पुढे तीन तारे असं लिहून त्यानंतर आवाजाची आज्ञा जोडली की रोज रात्री दहाच्या ठोक्याला संगणक स्वतःहून २० टक्क्यांवर येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही रात्र दहालाच सुरू होते आणि सहाला संपते. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हे डेसिबल मात्र हवेतल्या आवाजाचे, पीए-सीटीएल दाखवते ते उणे डेसिबल नव्हेत. एकाची दुसऱ्याशी थेट तुलना करून सोसायटीच्या बैठकीत वाद घालू नये.

क्रॉनमध्ये एक पाचर असते. तीच आज्ञा हाताने टाइप केली की चालते, क्रॉनमधून सपशेल आपटते. कारण पल्सऑडिओ किंवा पाइपवायर तुमच्या लॉगिनच्या खोलीत राहतात आणि क्रॉनला त्या खोलीचा पत्ता माहीत नसतो. ‘एक्सडीजी रनटाइम डिर’ नावाच्या चलात ‘/रन/यूझर/१०००’ असा पत्ता आज्ञेच्या आधी लिहून दिला की काम होतं. तुमचा क्रमांक १००० नसेल तर ‘आयडी’ ही आज्ञा तो सांगेल.

दुसरीकडून म्हणजे एसएसएचने लॉगिन करून सहकाऱ्याच्या मशीनचा आवाज शंभरवर नेणं आणि भर मीटिंगमध्ये कोंबडा आरवायला लावणं हा ऑफिसांतला जुना उद्योग. आताशा तो सहजासहजी जमत नाही. साउंड कार्डाला हात लावायची मुभा मुळात मशीनसमोर प्रत्यक्ष बसलेल्या माणसालाच मिळते. जमतो तो तुमचं नाव ‘ऑडिओ’ गटात असेल तर. म्हणूनच कुणी ‘आवाज येत नाही? मग स्वतःला ऑडिओ गटात घाल’ असा झटपट सल्ला दिला तर दोनदा विचार करा. त्या गटाला स्पीकरबरोबर मायक्रोफोनही मिळतो.

मराठी बोलणारं टर्मिनल

‘ईस्पीक-एनजी’ हा लहानसा प्रोग्राम लिहिलेलं वाचून दाखवतो आणि त्याला मराठी येते. ‘-व्ही’नंतर मराठीचा दोन अक्षरी संकेत, एम आणि आर, मग अवतरणात देवनागरी वाक्य. ‘-ए’ या पर्यायाने बोलण्याचा जोर ठरतो: ० ते २००, न सांगितल्यास १००. याचं मूळ रूप जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५च्या सुमारास एकॉर्नच्या संगणकांसाठी लिहायला घेतलं होतं. उच्चार यांत्रिक आहेत, जोडाक्षरांवर ठेचकाळतो, ‘च’चे दोन प्रकार त्याला धड कळत नाहीत. पण आकार चिमुकला, किंमत शून्य आणि इंटरनेट लागत नाही. ‘एनव्हीडीए’ या विंडोजवरच्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये तो आधीपासून बसवलेला येतो. लिनक्सवरचा ‘ओर्का’ हा स्क्रीन रीडरही सहसा त्याच्याच तोंडून बोलतो.

आणि इथे ही सगळी गंमत थांबते. डोळस माणसाच्या मशीनचा आवाज चुकून म्यूट झाला तर कोपऱ्यातल्या कर्ण्यावर फुली दिसते आणि तो ती काढतो. अंध माणसाच्या मशीनचा आवाज गेला की त्याचा पडदाच गेला. फुली आहे हे सांगणारा आवाजच बंद असतो. त्याला पट्टी शोधता येत नाही, खांब दिसत नाहीत. न बघता टाइप होणारी एक ओळ किंवा न बघता दाबता येणारी एक कळ, एवढाच मार्ग उरतो.

तुमच्या ओळखीत, शाळेत, वाचनालयात लिनक्स वापरणारी कुणी अंध व्यक्ती असेल तर तिच्या कीबोर्डवर एक कळ नेमून द्या, जी आधी म्यूट काढेल आणि मग आवाज ४० टक्क्यांवर आणेल. पीए-सीटीएलच्या दोन ओळी लागतात. टक्क्याचं चिन्ह तेवढं तपासून घ्या, आणि कळ कुठली ते त्या व्यक्तीला विचारून ठरवा.